बोटभर मोकळीक : जुन्या मोटारीची घरगुती निगा

जुनी मोटार दारांत असणें ही गोष्ट अलीकडे थोडीशी संकोचाची समजली जाऊं लागली आहे. पाहुणे येतात, जोडे काढतां काढतां अंगणाकडे दृष्टि टाकतात आणि "अजून हीच का?" असें विचारतात. त्या प्रश्नांत कुतूहल किती आणि कींव किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आमच्या दारांतील मारुति ८०० ही १९९३ सालीं घेतलेली आहे. घरांतील सर्व मुलांहून ती वयानें वडील आहे. १५ वर्षांनीं, म्हणजे २००८ सालीं, तिच्या नोंदणीची पहिली मुदत संपली. तेव्हांपासून दर ५ वर्षांनीं तिला परिवहन कार्यालयाच्या तपासणीस उभें राहावें लागतें, आणि २०२३ सालच्या तपासणींतहि ती उत्तीर्ण झाली.

अशा वयाच्या मोटारीची निगा घरच्या घरीं कोठपर्यंत राखतां येते, कोणत्या क्रमानें राखावी आणि कोणत्या जागीं आपला हात आखडता घ्यावा, हें अनुभवावरून वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. त्या अनुभवांत आमची स्वतःची एक मोठी चूक आहे. ती लपविण्यांत अर्थ नाहीं, कारण जें कांहीं आम्ही शिकलों त्यांतलें निम्मेंशिम्में त्या चुकीनेंच शिकविलें.

मोटार बदलण्याचा विचार आमच्या घरांत झाला नाहीं असें नाहीं; तीनदां झाला. परंतु प्रत्येक वेळीं एकच मुद्दा आडवा आला. या गाडीचें झांकण उघडलें कीं तिचें अंतरंग डोळ्यांस दिसतें, हातास लागतें. ही त्या सबंध पिढीचीच खूण होती. मुंबईच्या वाचकांस प्रीमियर पद्मिनी आठवत असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती बनत असे. टॅक्सीच्या रूपानें तिनें मुंबईची कित्येक वर्षें सेवा केली, आणि टॅक्सीस घातलेल्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती त्या सेवेंतून निवृत्त झाली. अँबेसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. मारुति ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजीं मालकाच्या हातीं पडली, आणि तिचेंहि उत्पादन २०१४ सालींच बंद झालें. कारखान्यांनीं या गाड्यांचा निरोप घेतला. परंतु ज्यांच्या दारांत त्या आहेत त्यांस तो इतक्या सहज घेतां येत नाहीं.

येथें एक खुलासा आधींच करून ठेवतों. पुढें सांगितलेले इंजिनाचे उपाय कार्ब्युरेटर व पॉइंट असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांस लागू आहेत. ज्या गाड्यांत पेट्रोल संगणकाच्या हुकुमानें फवारलें जातें, त्यांच्या मालकांनीं या लेखांतील प्लगाचा, हवेच्या फिल्टरचा आणि क्लचचा भाग तेवढा वाचावा.

चिखल्याची धूळ

आमचें गांव चिखला. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, मध्यप्रदेशाच्या सीमेनजीक तें वसलेलें आहे. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या फांट्यावरील गोबरवाही हें आमच्या बाजूचें स्टेशन. बाहेरच्या कोणास चिखल्याचें नांव ठाऊक असेलच तर तें मँगनीजच्या खाणीमुळें. १९६२ सालीं स्थापन झालेली आणि आज 'मॉईल' या नांवानें ओळखली जाणारी सरकारी कंपनी येथें जमिनीच्या पोटांत शिरून खनिज काढते. शेजारच्या डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे. तेथील खनिज विजेच्या कोरड्या बॅटऱ्यांकरितां वापरलें जातें.

मोटारीच्या लेखांत खाणीचें पुराण कशाला, असें वाचक विचारतील. त्याचें कारण असें कीं वितळलेल्या लोखंडांतील प्राणवायूचा आणि गंधकाचा दोष मँगनीज घालविते. त्याच्यावांचून चांगलें पोलाद होत नाहीं. म्हणजे जगांतील प्रत्येक मोटारीच्या हाडांत आमच्या गांवच्या दगडाचे भाऊबंद आहेत. आणि त्याच दगडाची धूळ आमच्या मोटारीची पहिली वैरीण आहे! खनिजाचे ट्रक गेले कीं रस्त्यावर काळसर भुकटी उडते, तींत मुरमाची तांबडी माती मिसळते, आणि दोहोंचा मिळून जो लेप बसतो तो धुतलेल्या धोतरांस, तुळशीच्या पानांस आणि मोटारीच्या हवेच्या फिल्टरांस सारखाच ओळखतो.

म्हणून आमच्या घरीं मोटारीच्या निगेचा आरंभ फिल्टरापासून होतो. पुस्तिकेंत फिल्टर साफ करण्याचें जें अंतर छापलेलें असतें तें चांगल्या रस्त्यांसाठीं असतें. धुळीच्या मुलखांत तें निम्म्यावर आणावें. फिल्टर काढून फरशीवर हलकेच आपटावा, हवेचा झोत आंतून बाहेर मारावा, आणि मग तो उजेडासमोर धरून पाहावा. घड्यांतून उजेड दिसत नसेल तर नवा आणावा. गुदमरलेलें इंजिन हवा कमी आणि पेट्रोल जास्त घेतें. मग काळा धूर येतो, आणि आपण उगाच कार्ब्युरेटरास दोष देत बसतों.

आधीं षड्ज, मग पंचम

इंजिनाच्या जुळवणीस गॅरेजांत 'ट्यूनिंग' म्हणतात. हा शब्द तंबोऱ्यासही लागतो, आणि तो सर्वथा योग्य आहे. तंबोरा जुळवितांना आधीं षड्ज पक्का धरावा लागतो; षड्जच ढळता असेल तर पंचम कशाशीं जुळवावयाचा? इंजिनांतहि प्रत्येक जुळवणी तिच्या आधींच्या जुळवणीवर उभी असते. बहुतेक लोक सर्वांत शेवटचा स्क्रू सर्वांत आधीं पिळतात, आणि मग गाडी दिवसेंदिवस बेसूर होत जाते. आम्ही पाळतों तो क्रम असा : आधीं व्हॉल्व्ह, मग प्लग, मग पॉइंट, मग टायमिंग, आणि अगदीं शेवटीं कार्ब्युरेटर.

व्हॉल्व्हची फट, म्हणजे गॅरेजांतल्या भाषेंत 'टॅपेट', इंजिन पूर्ण थंड असतांना मोजावी. आमच्या घरीं हें काम रविवारीं पहांटे, गाडी रात्रभर विसावल्यावर होतें. इंजिन पान्यानें हातानेंच हळूहळू फिरवावें, ज्या व्हॉल्व्हची पाळी असेल तो पूर्ण मिटलेला आहे याची खात्री करावी, आणि पुस्तिकेंत दिलेल्या जाडीचें फिलर गेजचें पान फटींत सरकवावें. पान अडतां कामा नये आणि मोकाट फिरतांहि कामा नये. सरकतांना हलकीशी ओढ बोटास कळली पाहिजे. आम्हां भावांच्या हातांस ही ओढ लवकर कळत नाहीं. आमच्या घरीं ती धाकट्या सूनबाईंच्या बोटांस कळते, आणि म्हणून गेज त्यांच्या हातीं असतें. पुतण्या नट सैल करतो, सूनबाई माप घेतात, थोरले बंधु वहींत आंकडा लिहितात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. व्हॉल्व्हचा टकटक आवाज येऊं लागला कीं माणूस घाबरतो आणि फट आवळून आवाज बंद करतो. परंतु टकटक करणारा व्हॉल्व्ह निदान तक्रार तरी करतो. फार आवळलेला व्हॉल्व्ह गप्प असतो, पण तो नीट मिटत नाहीं. त्याच्या कडेनें जळता वायु निसटतो आणि कांहीं काळानें त्याची धार करपून जाते. गप्प झाला म्हणजे बरा झाला, असा हिशेब यंत्रांत चालत नाहीं.

त्यानंतर प्लग. तेहि थंड इंजिनांतूनच काढावे, कारण ज्या शिरांत ते बसतात तें अॅल्युमिनियमचें असतें आणि त्याचे आटे नाजूक असतात. बसवितांना पहिले वेढे नुसत्या बोटांनीं द्यावे, पाना मागाहून लावावा. काढण्यापूर्वीं प्रत्येक वायरीस आंकड्याची चिठ्ठी बांधावी. वायरींची अदलाबदल झाली कीं चालू गाडी अंगणांत बसून राहते, हें आम्हीं पाहिलें आहे.

काढलेला प्लग हा इंजिनाच्या जिभेसारखा असतो. वैद्य जीभ पाहून पोट ओळखतो तसें येथेंहि आहे. टोंक फिकट तपकिरी असेल तर प्रकृति उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओलसर, तेलकट काळेपणा असेल तर इंजिनाचें तेल वर चढतें आहे. तें दुखणें घरच्या उपायांचें नव्हे. आणि पांढरें पडून फोड आल्यासारखें दिसत असेल तर इंजिन फार तापतें आहे किंवा पेट्रोल कमी पडतें आहे. आमच्या गाडीस प्लगाची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते. ठिणगीनें ज्या अंतरावरून उडी मारावयाची तें अंतरच आपण येथें राखतों. अंतर मिटलें तर ठिणगी नाहीं, आणि वाढलें तर उडी पोंचत नाहीं.

तिसरे पॉइंट. दोन बारीक धातूचे ठिपके क्षणाक्षणास मिटतात आणि उघडतात, आणि उघडण्याच्या त्या क्षणीं कॉइलमधून प्लगास विजेचा धक्का जातो. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं ही युक्ति विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारींत आणली, आणि पुढें अनेक दशकें जगांतील बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. पॉइंटांवर खड्डा व उंचवटा दिसूं लागला कीं ते घांसत बसण्यापेक्षां बदलावे. नव्या पॉइंटांची किंमत फारशी नसते. फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर, आणि ती पॉइंट पूर्ण उघडलेले असतांनाच मोजावयाची. फट बदलली कीं ठिणगीची वेळहि बदलते. म्हणून टायमिंग नेहमीं पॉइंटांनंतर तपासावें. ठिणगी फार आधीं पडूं लागली तर चढावर इंजिनांतून खडे हलविल्यासारखा बारीक खडखडाट ऐकूं येतो. तो ऐकूनहि गाडी दामटणें म्हणजे पिस्टनावर हातोडी चालविणें होय.

हें सर्व झाल्यावर कार्ब्युरेटर. तोहि खोलून मांडावयाचा नाहीं. बाहेरचे दोनच स्क्रू आपले. मिश्रणाचा स्क्रू फिरविण्यापूर्वीं तो किती वेढ्यांनीं हलकेच बसतो तें मोजून वहींत लिहावें, म्हणजे चुकलें तर पूर्वस्थळीं येतां येतें. नंतर इंजिन चांगलें तापलेलें असतांना, चतकोर चतकोर वेढा फिरवून, जेथें तें सर्वांत सुरळीत चालेल तेथें थांबावें.

जुन्या गाडीच्या मालकांस आतां आणखी एक दक्षता घ्यावी लागते. २०२५ सालापर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायु आणतो, त्यामुळें जुन्या कार्ब्युरेटरांत मिश्रण पातळ पडतें. तो हवेंतील पाणी शोषतो. आणि जुन्या काळच्या रबरी नळ्यांस व पडद्यांस तो मऊ करतो किंवा तडे पाडतो. आम्हीं पेट्रोलच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालून घेतल्या, आणि गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टांकींत पेट्रोल फार दिवस सांचवून ठेवीत नाहीं. नवतप्याच्या दिवसांत, आमच्याकडे ऊन ४५ अंशांच्या आसपास जातें तेव्हां, पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करण्यापूर्वीं नळ्या पाहाव्या. आळस करूं नये.

कांहीं पथ्यें

इंजिनास हात लावण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडावी. पंख्याच्या व पट्ट्याच्या जवळ पदर, ओढणी, उपरणें, सैल बाही यांपैकीं कांहीं येऊं देऊं नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि शिरूं नये. मजबूत घोडी लावल्यावांचून गाडी उचललेली समजूंच नये. इंजिन चालू ठेवावयाचें तें उघड्या अंगणांत. बंद पडवींत धुरांतील विषारी वायु साचतो आणि त्याला वास नसतो. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. जुन्या क्लच प्लेटींत व ब्रेकच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असूं शकतें. त्यांची धूळ फुंकर मारून उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. काढलेलें काळें तेल विहिरीजवळ किंवा परसांत ओतूं नये. डब्यांत भरून जुनें तेल घेणाऱ्यास द्यावें. आणि ब्रेक, स्टेअरिंग व टायमिंगचा पट्टा हीं तीन कामें जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावीं. त्यांत बचत करणारा मनुष्य रस्त्यावरील दुसऱ्यांच्या जिवाच्या आधारें काटकसर करीत असतो.

क्लचची गोष्ट

आतां ज्या विषयासाठीं लेखणी हातीं घेतली त्याकडे वळतों.

क्लच म्हणजे काय, हें समजण्यास दोन तळहात पुरे आहेत. उजवा तळहात डाव्यावर दाबून धरा आणि उजवा फिरवा, डावाहि फिरतो. दाब कमी करा. उजवा फिरतो, डावा थांबतो. इंजिनाकडचें जड चाक हा उजवा तळहात. गिअरांकडे जाणारी, दोन्ही बाजूंस घर्षणाचें अस्तर लावलेली क्लच प्लेट हा डावा. दोहोंस एकत्र दाबून धरणारी प्रेशर प्लेट असते, तिच्यांत पोलादाची स्प्रिंग असते. आपण पायडल दाबतों तेव्हां एक तार ओढली जाते, ती एका बेअरिंगास पुढें ढकलते, बेअरिंग स्प्रिंगेस दाबतें आणि प्लेट मोकळी होते. पाय उचलला कीं स्प्रिंग आपलें काम पुन्हां करूं लागते. म्हणजे क्लच धरून ठेवण्याचें काम स्प्रिंगेचें, आपल्या पायाचें काम फक्त सोडविण्याचें.

पायडल अगदीं वर असतांना बेअरिंग स्प्रिंगेपासून किंचित् दूर असलें पाहिजे. या किंचित् अंतराचा पायडलाशीं जो परिणाम दिसतो त्यास 'खेळ' म्हणतात. हातानें पायडल हळूच दाबलें तर आरंभीं तें कांहीं न ओढतां सहज खालीं जातें आणि मग जोर लागूं लागतो. त्या सहज जाण्याचें माप सुमारें २ सेंटिमीटर, म्हणजे ढोबळ मानानें एक बोटभर, असावें; प्रत्येक गाडीचें नेमकें माप तिच्या पुस्तिकेंत असतें.

प्लेट जसजशी झिजते तसतसा हा खेळ आपोआप कमी होत जातो. तो राखण्यासाठीं तारेच्या गिअरबॉक्सकडील टोंकास नट असतो. तो फिरवून खेळ वाढवितां किंवा कमी करतां येतो. खेळ फार झाला तर क्लच पुरता सुटत नाहीं आणि रिव्हर्स टाकतांना गिअर करकरतात. खेळ उरलाच नाहीं तर क्लच पुरता धरत नाहीं. पहिला दोष कानास ऐकूं येतो. दुसरा ऐकूं येत नाहीं, आणि तोच घातकी.

आतां आमची चूक. २०२२ सालच्या चैत्रांत इंजिनाची जुळवणी मनासारखी झाली होती. गाडी गात होती म्हटलें तरी चालेल. त्या उत्साहांत क्लचचें पायडल आम्हांस 'ढिलें' वाटलें. वरचा बोटभर प्रवास फुकट जातो, पायडलास हात लावतांच क्लच सुटला पाहिजे, असें आमच्या मनानें घेतलें. पुस्तिका पाहिली नाहीं. तारेचा नट आवळला, आणखी आवळला, आणि सगळा खेळ नाहींसा केला. गाडी चालवून पाहिली तों पायडल बोटाच्या इशाऱ्यावर चालावें तसें तत्पर! थोरले बंधु म्हणाले, "जरा जास्त आवळलंस का?" आम्हीं त्यांस यंत्रशास्त्राचें व्याख्यान दिलें.

तीन महिने कांहीं झालें नाहीं. म्हणजे कांहीं झालें तें आम्हांस दिसलें नाहीं. बेअरिंग अहोरात्र स्प्रिंगेस टेकून घांसत होतें, स्प्रिंगेचा दाब तेवढ्यापुरता कमी झाला होता, आणि प्लेट प्रत्येक चढावर केसभर घसरत होती.

आषाढांतल्या एका रात्रीं मातुश्रींस श्वास लागला. पाऊस होता. आम्ही, थोरले बंधु, वहिनी आणि मागल्या सीटवर उशांस टेकविलेल्या मातुश्री असे चौघे तुमसरच्या रस्त्यास लागलों. एका चढावर इंजिनाचा आवाज एकाएकीं वाढला आणि गाडीचा वेग मात्र उतरला. आम्हीं अॅक्सिलरेटर दाबला; आवाज आणखी वाढला, वेग आणखी उतरला. मग जळक्या अस्तराचा तो वास आला, जो एकदां ज्यानें घेतला तो जन्मभर विसरत नाहीं. मातुश्री खोकूं लागल्या. वहिनींनीं कांच खालीं केली तों पाऊस आंत आला.

गाडी कडेस घेतली. बॅटरीच्या उजेडांत, चिखलांत उभे राहून तारेचा नट सैल केला. पायडलास खेळ आला, क्लच थोडा धरूं लागला. पण प्लेट तोंवर भाजून गुळगुळीत झाली होती. दुसऱ्या गिअरांत, पाऊल हलकें ठेवून, आम्ही पुढें सरकत राहिलों. एवढ्यांत तांदळाच्या गिरणीकडे निघालेली एक लहान मालगाडी मागून आली. तिच्या चालकानें कारण विचारलें आणि उत्तर पुरतें ऐकून न घेतांच स्वतःच्या शेजारची जागा मोकळी केली. मातुश्री व वहिनी त्या गाडींतून पुढें गेल्या. आम्ही दोघे भाऊ रुग्णालयांत पोंचलों तेव्हां त्यांस प्राणवायु लागला होता आणि डॉक्टरांनीं धीर दिला होता. त्या चालकाचें नांवहि विचारावयाचें राहून गेलें. चौथ्या दिवशीं मातुश्री घरीं आल्या.

गिअरबॉक्स उतरविणें हें घरचें काम नव्हे. तें जड असतें, पुढच्या चाकांचे दांडे काढावे लागतात, आणि प्लेट नेमकी मध्यावर बसवावी लागते. एका जाणत्या मिस्त्रीनें तें केलें. पुतण्यानें शेजारीं बसून पाहिलें. प्लेट आरशासारखी चकाकत होती आणि बेअरिंग हातानें फिरविलें तर कुरकुरत होतें. मिस्त्रीनें प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही बदललीं, व तें योग्यच होतें. गिअरबॉक्स पुन्हां पुन्हां उतरविण्यापेक्षां तें स्वस्त पडतें. जातांना तो एवढेंच म्हणाला, "साहेब, पायडलमध्यें बोटभर खेळ ठेवत जा. घट्ट केलं म्हणजे चांगलं झालं, असं नसते."

त्यानंतर आमच्या घरीं जी परीक्षा दरमहा होते ती वाचकांनींहि करावी. पायडलाचा खेळ हातानें दाबून, फूटपट्टी लावून मोजावा. तारेचें टोंक पाहावें. एक जरी धागा तुटून उभा राहिला असेल तर तार बदलावी. वर्षांतून एकदां मोकळ्या जागीं, समोर कोणी नाहीं असें पाहून, हॅण्डब्रेक पक्का ओढावा, गाडी वरच्या गिअरांत घालून थोडा अॅक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडलें तर क्लच धरतो आहे. तें चालूच राहिलें तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा वारंवार करूं नये, कारण तिनेंहि झीज होते. पायडल दाबतांच गुरगुर ऐकूं आली तर बेअरिंग संशयास्पद समजावें. खेळ बरोबर असूनहि क्लच घसरत असेल तर प्लेट झिजली असेल किंवा तिच्यावर तेल आलें असेल. तेथें नट फिरवून उपयोग नाहीं. आणि दोन संवयी सोडाव्या : चालत्या गाडींत पाय क्लचवर विसावूं देणें, आणि चढावर हॅण्डब्रेकऐवजीं क्लचच्या आधारें गाडी तोलून धरणें. दोहोंनींहि खेळ असून नसल्यासारखा होतो.

मागें वळून पाहतां एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. व्हॉल्व्हची फट, प्लगाची फट, पॉइंटाची फट आणि क्लचचा खेळ : वर्षभर आम्ही जें मोजतों तें सर्व मोकळ्या जागेचें माप आहे. यंत्राचे भाग एकमेकांस जितके चिकटलेले तितकें तें मजबूत, ही आमची समजूत होती. प्रत्येक ठिकाणीं नेमकी जागा सुटली म्हणजेच तें धरतें, हें आम्हीं भाजलेल्या प्लेटीवरून शिकलों.

मातुश्रींस बरें वाटूं लागल्यावर पुतण्यानें ती जुनी प्लेट त्यांस नेऊन दाखविली आणि सगळा प्रकार समजावून सांगितला. त्यांनीं ती हातांत घेतली, उलटसुलट पाहिली, आणि म्हणाल्या, "एवढ्या बोटभर जागेसाठीं एवढं झालं?" त्यानंतर त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. आमच्या धाकट्या सूनबाई नोकरीसाठीं तुमसरास जातात. कोठें निघालीस, केव्हां येशील, इतका वेळ कां झाला, ही विचारपूस मातुश्री मायेपोटींच रोज करीत. सूनबाई उत्तरें देत आणि दिवसेंदिवस कमी बोलत. त्या पावसाळ्यांत ती विचारपूस थांबली. कोणीं त्यांस सांगितलें नव्हतें. श्रावण संपतां संपतां सूनबाई संध्याकाळीं आल्यावर आपण होऊन त्यांच्याजवळ बसून दिवसाची हकीकत सांगूं लागल्या.

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुतण्या फूटपट्टी घेऊन पायडलाजवळ वांकतो, सूनबाई वही उघडतात, आणि ओसरीवरून मातुश्रींची हांक येते, "बोटभर आहे ना रे?"

"आहे, आजी," असें उत्तर जातें, आणि मग गाडी बाहेर निघते.